सातने भागा, वार सांगा

बालमित्रांनो, भागाकाराचं गणित सोडवताना तुमचं सगळं लक्ष वरच्या उत्तराकडे असतं, हो ना? खाली उरलेली बाकी आपली लिहायची म्हणून लिहायची. आज उलटं करू. वरचं उत्तर सोडून द्यायचं आणि बाकी तेवढी जपून ठेवायची. कशासाठी? जुन्या तारखेचा वार काढण्यासाठी!

आठवड्याचे वार सात. आज सोमवार असेल तर ७ दिवसांनी सोमवार, ७०० दिवसांनीही सोमवारच. मधे किती आठवडे गेले याच्याशी वाराला काही देणंघेणं नाही. दिवसांना ७ ने भागा आणि बाकी उरेल तेवढे वार पुढे सरका. झालं!

आपल्या मराठवाड्याचंच उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. तो शुक्रवार होता. पण नांदेड काय, लातूर काय, सगळा मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक लढत होते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य संस्थानात शिरलं आणि १७ सप्टेंबरला निजामानं हार पत्करली.

मधे दिवस किती गेले? १५ ऑगस्ट ते पुढचा १५ ऑगस्ट, ३६६ दिवस. (३६५ नव्हे हं! १९४८ सालचा २९ फेब्रुवारी मधे आला.) तिथून १७ सप्टेंबरपर्यंत ३३. एकूण ३९९. आता भागा बरं सातने. सत्तावन्न सत्ते तीनशे नव्व्याण्णव, बाकी शून्य! म्हणजे तोही शुक्रवारच. देश स्वतंत्र झाल्यावर मराठवाडा आणखी बरोबर ५७ आठवडे झगडला, एक दिवस कमी नाही की जास्त नाही.

पण पन्नास-साठ वर्षांचे दिवस मोजत बसायचं का? छे! ३६५ ला ७ ने भागलं की बाकी १. म्हणून तुमचा वाढदिवस दरवर्षी एक वार पुढे जातो आणि मधे २९ फेब्रुवारी आला तर दोन. तेव्हा वर्षं मोजा, त्यात मधले २९ फेब्रुवारी मिळवा आणि ७ ने भागा.

१७ सप्टेंबर १९४८ पासून १७ सप्टेंबर १९९३ पर्यंत वर्षं ४५. मधले २९ फेब्रुवारी १९५२ ते १९९२ पर्यंतचे, ते ११. (१९४८ चा धरू नका, तो सप्टेंबरच्या आधीच होऊन गेला. पुष्कळ जण इथेच फसतात.) बेरीज ५६, बाकी शून्य, पुन्हा शुक्रवार. त्यानंतर १३ दिवसांनी ३० सप्टेंबर. १३ भागिले ७, बाकी ६. शुक्रवारपासून सहा वार पुढे म्हणजे गुरुवार. ही तारीख लातूरकडच्या घराघरात आठवतात. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली.

घरच्या मोठ्या माणसांना विचारा, तो कोणता वार होता? गुरुवार म्हणाले तर गणित जुळलं. पण सावध! नुसत्या अंदाजानं सांगितलेला वारसुद्धा सातांत एकदा जुळतोच. म्हणून वार जुळला की आठवण खरीच, असं म्हणता येत नाही. जुळला नाही, तर मात्र तारीख किंवा वार, एक काहीतरी नक्की चुकलंय. जुन्या पत्रांवर, डायरीत तारीख आणि वार दोन्ही लिहिलेले असतात, तिथे करून पाहा. (पालकांनो, तुम्हीही करून बघा. लग्नपत्रिका काढा!)

नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला सुरू झालं. आणखी एक वर्ष, आणखी एक वार. शनिवार!

आता तुमची पाळी. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य स्थापन झालं. वार कोणता? १७ सप्टेंबर १९४८ च्या शुक्रवारपासून निघा आणि १९६० चा २९ फेब्रुवारी विसरू नका. उत्तर पुढच्या अंकात.