मी 'वा, सुरेख' म्हणणार नाही

मंडळी, गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्यामुळे वादळ झालं. तुमच्यापैकी जे नातेवाईक हे वाचतात त्यांना सगळं ठाऊकच आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते.

पुतण्याच्या मुलीचं लग्न ठरलंय. हल्ली लग्नाआधी फोटो काढून घ्यायची पद्धत आहे, प्री-वेडिंग म्हणतात. मुलीनं हौसेनं पंधरा-वीस फोटो ग्रुपवर टाकले. गुलमोहराखाली, नदीच्या घाटावर, एका पडक्या वाड्यात.. छानच होते. त्यातल्या एकात मात्र दोघं रेल्वेच्या रुळांमध्ये बसलेली. पाठीला पाठ टेकलेली, तिचा आकाशी रंगाचा घोळदार झगा दोन्हीकडच्या रुळांवर पसरलेला आणि मागे रूळ लांब जात जात एक झालेले. अर्ध्या तासात सव्वीस जणांनी 'वा', 'सुरेख', 'दृष्ट काढा गं' असं लिहिलं. मी लिहिलं, "हा रुळांवर बसून काढलाय. मला आवडला नाही. पुन्हा असं करू नका."

झालं! सूनबाईंचा फोन आला, "काकू, कौतुकाच्या वेळी कशाला?" पुतण्या म्हणाला, आता झालं ना, सुखरूप आलीत ना घरी. आणि नात म्हणाली, "आजी, आम्ही काय वेडे आहोत का? अॅपवर बघूनच गेलो होतो. दोन तास गाडीच नव्हती."

या शेवटच्या वाक्यासाठी हा सगळा खटाटोप. कारण हे वाक्य बरेच जण बोलतात आणि ते साफ चूक आहे.

वेळापत्रकात असतात त्या प्रवासी गाड्या. मालगाडी तुमच्या अॅपला विचारून निघत नाही. नुसतं इंजिन एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनात जातं, रुळांची तपासणी करणारी ट्रॉली येते, ओव्हरहेड तारांची दुरुस्ती करणारी गाडी येते, उशिरा धावणारी एक्स्प्रेस येते. दुहेरी मार्ग असला तरी अमुक रुळावर गाडी अमुक बाजूनंच येईल असं धरून चालता येत नाही. काम चालू असलं की एकाच रुळावरून दोन्हीकडच्या गाड्या सोडतात.

"आवाज येईल की!" हे दुसरं. आमच्या लहानपणी वाफेचं इंजिन दोन गावं आधी कळायचं, डिझेलचंही धडधडत यायचं. मध्य रेल्वेच्या सगळ्या ब्रॉडगेज मार्गांवर २०२३ सालापर्यंत विजेच्या तारा आल्या. विजेचं इंजिन तुमच्याकडे तोंड करून येतं तेव्हा जवळ येईपर्यंत त्याचा फारसा आवाज कळतच नाही. त्यात वारा उलटा असला, वळण असलं, कानात गाणी असली की संपलंच. १९ ऑक्टोबर २०१८ ला अमृतसरला काय झालं आठवतं ना? दसऱ्याचा रावण जळताना पाहायला माणसं रुळांवर उभी होती. कित्येकांचे मोबाईल वर धरलेले. फटाक्यांच्या आवाजात गाडीचा आवाज ऐकूच आला नाही आणि साठच्या आसपास माणसं गेली. ती काही सगळी तरुण पोरं नव्हती. घरातली मोठी माणसं होती, लेकरंही होती. तेव्हा 'आजकालच्या पिढीचं सेल्फीचं खूळ' असं म्हणून आपल्या वयाच्या लोकांनी हात झटकू नयेत. त्याबद्दल पुढे सांगतेच.

गणिताची बाई नाही मी, मराठी-इतिहास शिकवला. पण हे गणित सातवीच्या मुलालाही येईल. ताशी शंभर किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ अठ्ठावीस मीटर येते. म्हणजे खो-खोचं अख्खं मैदान, या खांबापासून त्या खांबापर्यंत, एका सेकंदात! झगा सावरून, खडीवर पाय ठेवून, जोडीदाराला हाताला धरून उठायला किती सेकंद लागतात ते घरच्या अंगणात मोजून बघा. ड्रायव्हरनं बघताक्षणी ब्रेक दाबला तरी गाडी थांबायला किलोमीटरच्या आसपास अंतर जातं. स्टिअरिंग नसतं तिला.

आणि जे रुळांच्या मध्ये बसत नाहीत, 'आम्ही बाजूला उभे होतो' म्हणतात, त्यांच्यासाठी आणखी एक हिशेब. आपल्या ब्रॉडगेजचे दोन रूळ १ मीटर ६७६ मिलिमीटर अंतरावर असतात. वरचा डबा मात्र सव्वातीन मीटरच्या घरात रुंद असतो. म्हणजे डबा रुळाच्या बाहेर दोन्हीकडे पाऊण मीटरहून जास्त आलेला असतो. मुंबईच्या लोकलचे डबे तर त्याहूनही रुंद. रुळापासून हातभर लांब उभा असलेला माणूस गाडीच्या वाटेतच उभा असतो, पण त्याला ते कळत नाही, कारण मोकळ्या रुळाकडे बघून गाडीची रुंदी दिसत नाही. त्यातून मोबाईलचा पुढचा कॅमेरा मागची वस्तू असते त्याहून लांब दाखवतो. गाडीकडे पाठ करून पडद्यावर तिच्याकडे बघणारा पोरगा म्हणतो, 'अजून वेळ आहे'..

मालडब्यावर चढून फोटो काढणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं! वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात. तिला हात लावायची गरज नसते, नुसतं फार जवळ गेलं तरी ती ओढून घेते. हातात धातूची काठी असेल तर बघायलाच नको.

माझा एक विद्यार्थी आज लोको पायलट आहे. मागे भेटायला आला होता तेव्हा मी त्याला विचारलं, असे लोक दिसतात का रे? म्हणाला, "बाई, रोज. हॉर्न मारायचा आणि ब्रेक दाबायचा, तिसरं काही माझ्या हातात नाही. बहुतेक उठतात. पण त्यांची पाठ माझ्याकडे असते ना, चेहरा दिसत नाही. उठेपर्यंत ते ऐकतायत की नाही तेच कळत नाही." एकदा एकजण उठला नव्हता. त्याबद्दल तो पुढे बोलला नाही, मीही विचारलं नाही. चहा तसाच निवला त्याचा. 'आमचा जीव, आम्ही बघून घेऊ' म्हणणाऱ्यांना मला हे सांगायचंय. तुम्ही बघून घेणार नाही. बघावं लागतं त्याला, समोरच्या काचेतून.

कायदा आहेच. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे रुळांवर विनापरवाना जाणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुलै २०२३ मध्ये दूधसागरला धबधबा बघायला रुळांवरून चालत गेलेल्या लोकांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. तो व्हिडिओ बघून पुष्कळ जण हसले. मी आयुष्यभर उठाबशा काढायला लावणारी बाई, मला ठाऊक आहे त्यानं काय होतं ते. काही होत नाही! पोरं बाहेर जाऊन त्याचीच फुशारकी मारतात.

आणि हे एकट्या रेल्वेचं नाही. जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडला तीन मुली सेल्फी काढताना समुद्रात पडल्या. त्यांना वाचवायला एक माणूस उडी मारून गेला. एक मुलगी गेली आणि तो माणूसही गेला. जुलै २०२४ ला माणगावजवळच्या कुंभे धबधब्याशी व्हिडिओ करताना एक तरुण मुलगी दरीत पडून गेली. पुढच्याच महिन्यात आमच्या साताऱ्यात, बोरणे घाटात, सेल्फी घेताना एक मुलगी दरीत पडली. सुदैवानं वाचली, दोर टाकून वर काढली. दोराला धरून खाली उतरणाराही कुणाचा तरी मुलगा असतो.

हे फोटो कुणासाठी काढतात? रानात एकटंच बघायचं असतं तर कुणी रुळावर बसलं नसतं. ते आपल्यासाठी काढतात. आपण सव्वीस जण 'वा' म्हणतो म्हणून. पोलिसाचा दंड हजार रुपये आणि आपलं कौतुक फुकट. मग पोरं कुणाचं ऐकतील? म्हणून माझं भांडण नातीशी नाही, त्या सव्वीस जणांशी आहे. त्यात माझा सख्खा भाऊ आहे, जो स्वतः रेल्वे फाटकाशी स्कूटर थांबवून पोरांना उपदेश करतो!

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण नातीनं मला ग्रुपवरच उत्तर दिलं. एक फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "आजी, हे काय आहे?"

तो माझ्याच बैठकीतल्या भिंतीवरचा फोटो होता. सन १९८३, सातवीचा वर्ग, वनभोजन. दोन्ही रुळांवर मुलं ओळीनं बसलेली, मागची रांग स्लीपरवर उभी, आणि मधोमध काठपदराच्या साडीत मी. आमच्या एका सरांकडे क्लिक थ्री कॅमेरा होता, एका रोलमध्ये बारा फोटो. दहा काढून झाले होते. पुढे वळण होतं, टेकडी खोदून काढलेली. तेवढ्यात खांद्यावर हातोडा घेतलेला एक गँगमन ओरडत आला, "बाई, उठवा पोरांना!" मी म्हटलं, एकच मिनिट, दोनच राहिलेत. तो थांबला नाही. त्यानं दोन पोरांना दंडाला धरून खाली भरावाकडे ढकललं, मग बाकीची आपोआप उठली. मला भयंकर राग आला. झाडाखाली डबे उघडताना मी मुलांना सांगितलं, बघा, माणसानं दुसऱ्याशी कसं बोलू नये त्याचं हे उदाहरण.

डबे खाऊन व्हायच्या आत त्या वळणातून मालगाडी आली. बत्तीस मुलं होती माझ्याबरोबर. मुलांनी हात हलवले, मीही हलवला. मुलांना दुसरं काही सांगायला हवं होतं हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि नंतरही सांगितलं नाही. उलट दहावा फोटो चांगला आला म्हणून मोठा करून फ्रेम केला. बेचाळीस वर्षं येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला 'वा' म्हणत आलाय.

नातीला मी लिहिलं, "तुझं बरोबर आहे. तो फोटोही चूक आहे." नंतर फोन करून हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, पण आजी, रेल्वेबरोबर फोटो हवाच असेल तर? तिला म्हटलं, रेल्वेचं खरं वेड असलेली मंडळी रस्त्याच्या पुलावरून काढतात, फाटकाबाहेरून काढतात, फलाटावर पिवळ्या रेषेच्या मागं राहून काढतात, आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांवर फ्लॅश मारत नाहीत. इंजिनाला टेकूनच हवा असेल तर दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात जा, तिथली जुनी इंजिनं कुठे जात नाहीत. "दिल्लीला कोण जाणार!" म्हणाली. तेही खरंच.

ग्रुपवरचा तिचा तो फोटो अजून तसाच आहे, काढलेला नाही. भावानं त्याखाली परवा आणखी एक फूल टाकलंय. माझा मी काल भिंतीवरून उतरवला. फ्रेमच्या मागे सगळ्या मुलांची नावं माझ्याच अक्षरात आहेत, रोल नंबरप्रमाणे. गँगमनचं नाव नाही, ते मी विचारलंच नव्हतं.