माऊस अडला की आधी काय पाहावे?

भिवंडी-मालेगावच्या आम्हा कापडवाल्यांचा हिशेब जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून संगणकावर गेला. दरमहा ३-बी रिटर्न भरणाऱ्याची २० तारीख चुकली आणि कर देणे असले, तर दिवसाला ५० रुपये लेट फी बसते. नेमका तेव्हाच माऊस अडतो. आम्ही मेकॅनिकला फोन करतो आणि तो म्हणेल ती रक्कम देतो. हे बरे नव्हे.

व्यापारी बंधूंनो, आधी कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा पेटत-विझत असेल तर संगणक चालू आहे, दोष बहुधा माऊसचा. दिवा बदललाच नाही, तर संगणकच अडकला आहे. तो बंद करून पुन्हा सुरू करा. माऊसची वायर दुसऱ्या सॉकेटमध्ये लावा. बिनवायरचा असेल तर सेल बदला. मग तो उलटा करा. खालच्या प्रकाशाच्या भोकात आपल्याच कापडाची बारीक रुई बसते आणि पडद्यावरचा बाण अडखळतो. कोरड्या ब्रशने ती काढा. काचेच्या टेबलावर माऊस चालवू नका. एवढे करूनही अडला, तरच नवा घ्या.

माग थांबला की आमचा कारागीर आधी धागा पाहतो, मग मिस्त्रीला हाक मारतो. पेढीवरही हीच शिस्त हवी. इन्शाअल्लाह, पैसाही वाचेल आणि तारीखही.