निरोपाची तारीख कळवा

रेषेबाहेरून / कोपरारक्षक

रिक जेनरेट हे नाव आपल्याकडे कुणी ऐकलेलं असण्याचं कारण नाही. अमेरिकेतल्या बफेलो शहराचा सेबर्स नावाचा आइस हॉकी संघ आहे. त्याच्या सामन्यांचं समालोचन या गृहस्थांनी १९७१ पासून केलं. २०१४ साली घशाचा कर्करोग झाला, तरी उपचार आटोपून ते पुन्हा माइकपुढे येऊन बसले. पुढे २०२१ च्या उन्हाळ्यातच जाहीर झालं, की येणारा हंगाम त्यांचा शेवटचा. म्हणजे लोकांना निरोपासाठी अख्खा हंगाम मिळाला. १ एप्रिल २०२२ रोजी सामन्याआधी समारंभ झाला आणि निवृत्त खेळाडूंचे क्रमांक जिथे टांगतात, त्या छताला समालोचकाच्या नावाचा झेंडा चढला. गंमत म्हणजे त्या वेळी हा संघ दहा वर्षांहून जास्त काळ बाद फेरीत पोचलाही नव्हता. संघ हरत होता, खेळाडू येत-जात होते, प्रशिक्षक बदलत होते. टिकून होता तो आवाज, आणि लोक त्या आवाजासाठी उभे राहिले.

बफेलोची ही गोष्ट मुलुंड-भांडुपच्या वाचकाला सांगायचं कारण एवढंच, की दिवाळीनंतर आपल्याकडे कबड्डीचा मोसम सुरू होतो. पंतनगर असो, विक्रोळी असो, अंधेरी-बोरिवलीच्या गल्ल्या असोत, मांडव पडतात, हॅलोजन लागतात, माती चाळून पाणी मारलं जातं आणि संध्याकाळी सातच्या सुमारास कर्ण्यातून एक ओळखीचा आवाज येतो : दोन्ही संघांनी मैदानाचा ताबा घ्यावा. हा आवाज ज्याचा, त्याच्या निवृत्तीची तारीख आपण कधी ऐकली आहे का?

मी तरी नाही. उपनगरातला निवेदक निवृत्त होतच नाही, तो एका वर्षी दिसेनासा होतो. दोन स्पर्धांनंतर कुणीतरी विचारतं, काका कुठे गेले? कुणीतरी सांगतं, बदलापूरला मुलाकडे राहायला गेले, किंवा गुडघे गेले, किंवा गेलेच. मग पुढच्या चढाईकडे लक्ष जातं.

या माणसाचं काम नीट पाहिलं आहे का? गुण सांगणं हा त्यातला सर्वांत सोपा भाग. एकीकडे तिसरी चढाई चालू, दुसरीकडे कानात कार्यकर्ता कुजबुजतो की नगरसेवक साहेब गेटवर आलेत. साहेबांचं स्वागत करायचं, पण चढाईपटूची लय मोडायची नाही. मधेच गेटसमोर लावलेली मोटारसायकल हलवायला सांगायचं, हरवलेल्या मुलीच्या आईला मंचाकडे बोलवायचं, शाल-श्रीफळाच्या मानकऱ्यांची नावं पदांसकट आणि क्रमाने घ्यायची, कारण एक नाव राहिलं तर पुढच्या वर्षीची देणगी राहते. आणि हे सगळं करताना लोण बसला की तो क्षण हातचा जाऊ द्यायचा नाही. रात्रीचे दहा वाजले की ध्वनिप्रदूषणाचा नियम लागू होतो आणि कर्णा बंद. उपांत्य सामना मात्र तेव्हा ऐन रंगात असतो. मग हा माणूस मैदानाच्या कडेला उभा राहून नुसत्या गळ्याने गुण सांगतो.

शिवाय त्याच्याकडे एक वही असते, कधी डोक्यात, कधी हातात. कोणता पोरगा कोणत्या मंडळातून आला, याचे काका कोणत्या काळात डावा कोपरा सांभाळायचे, कोण कांदिवलीच्या महिंद्रात खेळाच्या जोरावर नोकरीला लागला, कोण भारत पेट्रोलियममध्ये. चढाईपटू मध्यरेषा ओलांडायच्या आत ही माहिती दोन वाक्यांत येते आणि पहिल्यांदाच सामना बघायला आलेल्या माणसालाही त्या पोराबद्दल आपुलकी वाटायला लागते. स्थानिक खेळाचा इतिहास आपल्याकडे लिहिला जात नाही. तो या लोकांच्या तोंडी असतो आणि त्यांच्याबरोबरच जातो.

खेळाडूपेक्षा निवेदकाचा विरह जास्त का लागतो, याचं उत्तर साधं आहे. चांगल्या चढाईपटूची ऐन उमेदीची वर्षं आठ-दहा. निवेदक मात्र तीन पिढ्यांना पुरतो. शिवाय खेळाडू एका संघाचा असतो, निवेदक हरलेल्यांचाही असतो. बापाने ज्या आवाजात पकड ऐकली, त्याच आवाजात मुलगा ऐकतो.

या मुंबईला समालोचनाची परंपरा नवी नाही. बॉबी तल्यारखान यांनी १९३४ साली चौरंगी सामन्यांचं समालोचन केलं, तेही एकट्याने. दिवसभर बोलायचं आणि कुणाला शेजारी बसू द्यायचं नाही, हा त्यांचा खाक्या. आकाशवाणीने जोडीला आणखी समालोचक बसवायचं ठरवलं तेव्हा त्यांनी माइक सोडला. ही रुसून घेतलेली निवृत्ती झाली, पण निदान ती त्यांची त्यांनी घेतली होती. मराठीत महाराष्ट्राकडून रणजी खेळलेल्या पुण्याच्या बाळ ज. पंडितांनी रेडिओवरून क्रिकेट घरोघर पोचवलं. वि. वि. करमरकरांनी वर्तमानपत्राच्या क्रीडापानाबरोबर मराठी समालोचनही केलं. पंडित २०१५ मध्ये गेले, करमरकर २०२३ मध्ये. दोन्ही वेळा श्रद्धांजलीचे लेख भरभरून आले. ते त्यांना वाचता आले नाहीत.

हॉकीचं म्हणाल तर जसदेव सिंग. १५ मार्च १९७५ ला क्वालालंपूरमध्ये भारताने पाकिस्तानला २-१ असं हरवून विश्वचषक जिंकला, तो आपल्या आधीच्या पिढीने पाहिला नाही, ऐकला. सुरजित सिंगचा गोल आणि अशोक कुमारचा तो वादात सापडलेला गोल लोकांच्या डोळ्यांसमोर आहे तो जसदेव यांच्या हिंदीतून. त्यांना पद्मश्री मिळाली, पद्मभूषण मिळालं, ऑलिंपिक ऑर्डर मिळाली. यात कमी काहीच नाही. पण हे सगळं वरून आलेलं. ऐकणाऱ्याने ठरल्या दिवशी यावं आणि उभं राहून टाळ्या वाजवाव्यात, असा एक सामना समालोचकासाठी मुक्रर केल्याचं आपल्याकडे माझ्या तरी आठवणीत नाही.

इंग्लंडात तो झाला होता. जॉन अर्लट यांचा शेवटचा कसोटी सामना १९८० मधला, लॉर्ड्सवरचा. शेवटच्या पाळीत ते भाषण वगैरे काही करतील अशी सगळ्यांची अपेक्षा. त्यांनी पुढे कोण बोलणार त्या सहकाऱ्यांची नावं सांगितली आणि उठले. मैदानावर ध्वनिक्षेपकावरून ही बातमी सांगितली गेली तेव्हा प्रेक्षक उठून उभे राहिले, ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी टाळ्या वाजवल्या आणि फलंदाजी करत असलेल्या बॉयकॉटनेही. रिची बेनॉ २००५ मध्ये ओव्हलवर निरोपाचं बोलत होते, तेवढ्यात मॅकग्राने पीटरसनचा त्रिफळा उडवला. बेनॉंनी स्वतःचा निरोप बाजूला ठेवून आधी ती विकेट सांगितली. निरोप घ्यावा तर असा. पण लक्षात घ्या, या दोघांना तो घेता आला, कारण दिवस आधी ठरलेला होता.

आता एक बोचणारं बोलतो. वय झालं की निवेदक चुकतो. दोन भावांची नावं उलटीपालटी होतात, बोनसचा गुण सांगायचा राहतो, जुनी आठवण लांबते आणि तोवर इकडे दोन चढाया होऊन जातात. मागच्या रांगेतली पोरं हसतात. जेनरेट यांनीही शेवटच्या हंगामात सगळे सामने केले नाहीत, मोजकेच केले. आपल्याकडे मात्र आदरापोटी कुणी काही बोलत नाही आणि मग एका वर्षी मंडळ परस्पर दुसऱ्याला बोलावतं. २६ जुलै २०१४ ला वरळीत प्रो कबड्डी सुरू झाली. तिथला दणदणाट पाहून आता गल्लीतल्या स्पर्धेतही प्रत्येक गुणाला डीजे वाजतो आणि काळा टी-शर्ट घातलेला मुलगा हिंदी-इंग्रजीत ‘आवाज किधर है’ म्हणून ओरडतो. त्या मुलाशी माझं भांडण नाही. काहीजण चांगले आहेत, तयारी करून येतात. पण मैदानावर नवा आवाज आहे हे जुन्याला मांडवाबाहेरच्या फ्लेक्सवरून कळावं, ही रीत मला मान्य नाही. चौथ्या रांगेतल्या खुर्चीवर बसून, माइकशिवाय, ओठांतल्या ओठांत गुण पुटपुटणारे असे लोक मी पाहिले आहेत.

तेव्हा उपनगरातल्या मंडळांना आणि जिल्हा संघटनेला हात जोडून सांगणं आहे. तुमच्या निवेदकाशी मोसम सुरू व्हायच्या आधी बोला. अजून किती वर्षं करणार, असं सरळ विचारा. त्यांना राग येणार नाही, बहुतेकांना कुणी विचारलेलंच नसतं. या वर्षी थांबणार असतील तर पत्रिकेवर देणगीदारांच्या खाली नाही, पंचांच्या बरोबरीने त्यांचं नाव छापा. अंतिम सामन्याची पहिली पाळी त्यांना द्या आणि दुसरी नव्या मुलाला, म्हणजे माइक एका हातातून दुसऱ्या हातात सगळ्यांदेखत जाईल. एरवी तासनतास सामने मोबाइलवरून थेट दाखवता, तसंच त्यांना एक दुपार समोर बसवून जुन्या संघांच्या, जुन्या खेळाडूंच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा. मोबाइल तोच, खर्च शून्य. आणि मानधनाचं पाकीट त्याच रात्री हातात ठेवा, पुढच्या आठवड्यात कार्यालयात या म्हणू नका.