गहू लोळतो तो केवळ वाऱ्याने नव्हे

पवनारच्या शिवारात, धाम नदीकाठच्या काळ्या जमिनीत, ओलिताची सोय असेल तेथे रब्बीत गहू घेतला जातो. ओंब्या भरत असता जोराचा वारा सुटतो आणि हिरवेगार पीक एका रात्रीत आडवे होते. दोष वाऱ्याला दिला जातो. धुऱ्यापलीकडचे पीक त्याच वाऱ्यात उभे कसे राहिले, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

वनस्पतीला हाडे नसतात. तिला आधार देतात त्या पेशींच्या भित्तिका. तुरीच्या कोवळ्या शेंड्यात स्थूलकोन ऊती असते. तिच्या जिवंत पेशींच्या भित्तिका कोपऱ्यांशी जाड असतात, म्हणून शेंडा वाकतो पण मोडत नाही व त्याची वाढही अडत नाही. गव्हाच्या काडीचा भार मुख्यत्वे दृढ ऊतीवर असतो. काडीच्या बाहेरील अंगास या ऊतीचे कडे असते. तिच्या पेशी आपल्या भित्तिका जाड करतात, त्यांत लिग्निन हे कठीण द्रव्य भरतात आणि बहुधा मरून जातात. जिवंत पीक उभे असते ते या मेलेल्या पेशींच्या बळावर! पऱ्हाटीच्या खोडात तर काष्ठच भरलेले असते. ती उपटावयास लोखंडी चिमटा लागतो.

या भित्तिका घडतात पानांनी तयार केलेल्या साखरेतून. पेरा दाट झाला आणि युरिया वारेमाप पडला, म्हणजे खालची कांडी सावलीत भराभर लांबतात आणि त्यांच्या भित्तिका पातळ राहतात. गर्द हिरव्या रंगावरून पिकाची पारख करण्याची सवय म्हणूनच घातक होय.

जुने उंच गहू जादा खत सोसत नसत. जपानच्या ‘नोरिन १०’ या वाणाचा बुटकेपणा बोरलॉग यांनी मेक्सिकोतील गव्हात उतरविला आणि १९६६ साली तसले सुमारे १८,००० टन बियाणे भारतात आले. बुटक्या वाणांनी लोळण्याचा धोका कमी केला, नाहीसा केला नाही. वाण बुटका म्हणून हात सैल सोडणे योग्य नव्हे.

नत्राची अर्धी मात्रा पेरणीच्या वेळी व उरलेली सुमारे २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना द्यावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतात गेल्यावर वरची पाने पाहून परतू नये. बुडाजवळचे कांडे दोन बोटांत दाबून पाहावे. ते सहज चेपत असेल, तर दाणे भरतानाचे ओलीत वारा नसेल अशा वेळी व हलकेच द्यावे.