बारा दिवसांचे ओझे, वर्षभराची गाडी

अमेरिकेतील टेक्सास राज्यात स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने मध्यंतरी मला एक प्रश्न विचारला. तो राहतो ते उपनगर शहरापासून वीस मैलांवर आहे. कचेरीत जाण्यायेण्याचा रोजचा प्रवास चाळीस मैलांचा. बस किंवा रेल्वे जवळपास नाहीच. गेल्या वर्षी त्याने सहलीसाठी एक चाकांवरची खोली, तिकडच्या भाषेत ट्रॅव्हल ट्रेलर, विकत घेतला. तो ओढण्यासाठी आणि रोज कचेरीला जाण्यासाठी एकच पिकअप गाडी घ्यावी असे त्याच्या मनात होते. "मामा, तुम्ही आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलेत, आता हिशेब करून सांगा," असे तो म्हणाला.

एका सुखवस्तू कुटुंबाच्या खरेदीची चर्चा या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु हा हिशेब करताना माझ्या लक्षात आले, की ज्याला आपण ग्राहकाची निवड म्हणतो ती आयातकर, करसवलती आणि कारखानदारांचा नफा यांनी आधीच कितीतरी आखून ठेवलेली असते. म्हणून तो हिशेब येथे मांडतो.

प्रथम त्याची गरज पाहू. वर्षाचे २४० कामाचे दिवस धरले तर कचेरीचा प्रवास ९,६०० मैलांचा होतो. सहलीच्या सहा फेऱ्या, प्रत्येकी ३०० मैल, म्हणजे १,८०० मैल. ट्रेलर जोडलेला असेल असे दिवस वर्षाकाठी बारा. मोठी पेट्रोल पिकअप गॅलनला सुमारे २० मैल आणि लहान हायब्रिड मोटार सुमारे ४० मैल जाते असे धरा. केवळ कचेरीच्या प्रवासाला पहिलीला ४८० आणि दुसरीला २४० गॅलन इंधन लागेल. गॅलनला तीन डॉलर दर धरला तर फरक वर्षाला ७२० डॉलरचा. किमतीतला, विम्यातला आणि टायरांतला फरक वेगळाच. बारा दिवसांसाठी उरलेल्या सर्व दिवसांवर बसवलेला हा कर आहे.

अर्थशास्त्रात याला कमाल भाराचा प्रश्न म्हणतात. वीज मंडळाला वर्षातील सर्वांत जड तासासाठी यंत्रसामग्री उभारावी लागते, मग बाकीचे तास ती अर्धी रिकामी चालली तरी चालेल. मात्र हा भार समाजाने वाटून घेतला तर तो हलका होतो. आषाढीला आपले एस.टी. महामंडळ ठिकठिकाणच्या आगारांतून जादा गाड्या पंढरपूरकडे सोडते, म्हणून कोणत्याही गावाला वारीसाठी स्वतःची बस विकत घ्यावी लागत नाही. अमेरिकन उपनगरात मात्र प्रत्येक घराने आपली वारी आपल्याच अंगणात बांधून ठेवावी अशी रचना आहे.

आता गाडीच्या निवडीकडे वळू. जाहिरातीत ठळक अक्षरांत छापतात ती ओढक्षमता. १३,००० पौंडांहून अधिक वजन ओढण्याचा दावा मोठ्या पिकअप सर्रास करतात. पण तो आकडा विशिष्ट इंजिन, विशिष्ट आस-गुणोत्तर आणि विशिष्ट बांधणी असलेल्या गाडीचा असतो. दुकानात उभी असलेली गाडी त्याच नावाची असली तरी तिची क्षमता तीच असेल असे नाही. आस-गुणोत्तर चढे असेल तर ओढण्याची ताकद वाढते आणि रोजच्या प्रवासात इंधन जास्त जळते. म्हणजे दोन कामांचा विरोध यंत्राच्या पोटातच आहे, विक्रेत्याच्या गोड बोलण्याने तो मिटत नाही.

त्याहून महत्त्वाचा आकडा जाहिरातीत नसतो. तो चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या लहानशा पट्टीवर असतो. माणसे आणि सामान मिळून गाडीच्या अंगावर किती वजन चालेल, हे तेथे लिहिलेले असते. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग जोडणीच्या गोळ्यावर, म्हणजे गाडीच्याच अंगावर येतो. भाच्याच्या ट्रेलरवर रिकामे वजन ३,८०० पौंड असे लिहिले होते. पाणी, गॅस, भांडीकुंडी, सायकली भरून त्याने तो मालट्रकांच्या वजनकाट्यावर नेला, तेव्हा काटा ५,००० पौंडांवर गेला. म्हणजे ५०० ते ७५० पौंड गाडीच्या मागच्या टोकावर आले. त्यात चार माणसांचे ६०० पौंड आणि हौद्यातल्या सामानाचे २०० मिळवले, की बेरीज १,३०० ते १,५५० होते. चार दारे, चामड्याची आसने आणि काचेचे छप्पर असलेल्या दिमाखदार पिकअपची भारक्षमता पुष्कळदा एवढ्यातच संपते. ओढक्षमता निम्मीही वापरली गेलेली नसते आणि गाडी मात्र मर्यादेबाहेर गेलेली असते. चैनीचे सामान जितके अधिक, तितकी कामाची क्षमता कमी. बागकाम करणाऱ्याची साधी गाडी या कसोटीवर श्रीमंताच्या गाडीपेक्षा सरस ठरू शकते.

विजेवर चालणारी पिकअप रोजच्या प्रवासाला उत्तम असते. पण मोठा ट्रेलर जोडला की एका भरणात ती जेवढी जाते ते अंतर साधारण निम्म्यावर येते, कारण रुंद, चौकोनी ट्रेलर वाऱ्याला छाती देऊन चालतो. पेट्रोलची गाडीही या नियमातून सुटत नाही. फक्त तिला इंधन भरायला पाच मिनिटे पुरतात.

यावर, लोकांनाच मोठी गाडी हवी आहे, बाजार ती पुरवतो, असा युक्तिवाद केला जातो. गॅलब्रेथने १९५८ साली 'द ॲफ्लुएंट सोसायटी' या ग्रंथात मांडले होते, की उत्पादन ज्या गरजा भागवते त्यांतल्या अनेक ते स्वतःच निर्माण करते. पिकअपचा इतिहास याचे चांगले उदाहरण आहे. १९६२ साली युरोपीय बाजारपेठेने अमेरिकन कोंबड्यांवरचा कर वाढवला. उत्तरादाखल अध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये घोषणा काढली आणि जानेवारी १९६४ पासून बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्या आयातीवर २५ टक्के कर बसला. जर्मनीच्या फोक्सवॅगनला रोखणे हा त्यामागचा एक हेतू होता. कोंबड्यांचे भांडण विस्मृतीत गेले, बाकीच्या वस्तूंवरचा कर उठला, हलक्या ट्रकांवरचा मात्र राहिला. परदेशातल्या लहान, काटकसरी पिकअपना अमेरिकेचे दार त्यामुळे अरुंद झाले.

१९७५ च्या कायद्याने इंधन-काटकसरीची मानके आली, त्यांत हलक्या ट्रकांना मोटारींपेक्षा सौम्य माप लावले गेले. पुढे गाडीच्या चाकांमधील क्षेत्रफळानुसार उद्दिष्टे ठरू लागली, म्हणजे गाडी मोठी केली की उद्दिष्ट सैल होते. २०२५ च्या जुलैत तर मानके मोडल्याचा दंडच शून्यावर आणण्यात आला. करकायद्यातही हाच कल आहे. ६,००० पौंडांहून अधिक एकूण भाराची पिकअप धंद्यासाठी घेतली, की तिच्या किमतीची मोठी वजावट पहिल्याच वर्षी मिळू शकते. साध्या मोटारीच्या घसाऱ्याला मात्र दरवर्षी मर्यादा आहे. कचेरीत जाणाऱ्या नोकरदाराच्या प्रवासाला यातले काहीच मिळत नाही.

लहान पिकअपला मागणीच नाही, असे कारखानदार सांगत राहिले. फोर्डने आपली लहान रेंजर २०११ नंतर अमेरिकेत बंद केली आणि २०१९ मध्ये ती परत आणली, तेव्हा तिचा आकार वाढलेला होता. पण त्याच कंपनीने २०२१ मध्ये मॅव्हरिक ही छोटी हायब्रिड पिकअप वीस हजार डॉलरच्या आतल्या किमतीत जाहीर केली, तेव्हा इतकी मागणी आली की जानेवारी २०२२ मध्ये त्या वर्षीच्या हायब्रिडची नोंदणी थांबवावी लागली. ही गाडी २,००० पौंड, आणि जास्तीचे साहित्य घेतल्यास ४,००० पौंड ओढते. मागणी होती, ती विचारली गेली नव्हती. पुढे तिचीही किंमत चढत गेली, हे सांगितले पाहिजे.

मोठ्या गाडीची किंमत तिचा मालक एकटा देत नाही. अमेरिकेत २००९ साली सुमारे ४,१०० पादचारी अपघातात मेले होते, २०२२ साली ही संख्या साडेसात हजारांवर गेली. याला कारणे अनेक आहेत. पण तिकडच्या महामार्ग-सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये दाखवून दिले, की ४० इंचांहून उंच नाकाडाच्या गाडीची धडक बसल्यास पादचारी मरण्याची शक्यता ठेंगण्या, उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते.

येथे आपल्यासमोर एक अडचण उभी राहते, ती टाळून चालणार नाही. हेच अवाढव्य ट्रक अमेरिकन मोटार कामगारांच्या सौदाशक्तीचा आधार आहेत. २०२३ च्या संपात कामगार संघटनेने ११ ऑक्टोबरला फोर्डच्या केंटकी ट्रक कारखान्यातील ८,७०० कामगारांना बाहेर काढले. कंपनीचा सर्वांत नफ्याचा कारखाना बंद पडला आणि महिन्याअखेर समझोता झाला. करारकाळात २५ टक्के मूळ वेतनवाढ आणि गमावलेला महागाई भत्ता कामगारांनी परत मिळवला. ही लढाई न्याय्य होती आणि तिचे मोल मोठे आहे. म्हणूनच मोठ्या ट्रकची केवळ टवाळी करणे मला पुरेसे वाटत नाही. लहान गाडीचा नफा कमी म्हणून तिचे उत्पादन स्वस्त मजुरीच्या देशात ढकलायचे आणि चांगले वेतन अवजड गाडीलाच बांधून ठेवायचे, हा कारखानदारांचा डाव आहे. संघटनेची पुढची मागणी लहान, टिकाऊ, परवडणाऱ्या गाडीवरही तेच वेतन मिळावे, अशी असली पाहिजे. त्याच्या जोडीला वजनानुसार चढते शुल्क हवे. वॉशिंग्टन शहराने २०२२ मध्ये तसा कायदा केला आणि ६,००० पौंडांवरील गाडीला वर्षाला ५०० डॉलर आकारायचे ठरवले. मात्र ज्याच्या पोटाचे साधन ती गाडी आहे, त्याला सूट दिलीच पाहिजे.

भाच्याच्याच गल्लीत हिरवळ कापायला एक टोळी येते. जुनी पिकअप, मागे यंत्रांनी भरलेला उघडा ट्रेलर, आत तीन स्पॅनिशभाषक मजूर. त्यांची गाडी रोज ओढते आणि त्यातच त्यांना कामावरही नेते. दोन्ही कामांसाठी एकच पिकअप हा त्यांचा खरा प्रश्न आहे. माझ्या भाच्याचा तो नाही, असे मी त्याला स्पष्ट कळवले. रोजच्यासाठी लहान हायब्रिड ठेव. पुढचा ट्रेलर घेशील तो भरल्यावर ३,५०० पौंडांच्या आत राहील असा घे. तोवर सहलीसाठी शेजारच्या कुटुंबाबरोबर मिळून एक जुनी, साधी, भरपूर भारक्षमतेची पिकअप घे, आणि घेण्यापूर्वी दारावरची पट्टी वाच.

"मामा, इथे सहकारी संस्था काढू म्हणता?" असे म्हणून तो हसला. दोन आठवड्यांनी त्याचा फोन आला. शेजारी तयार झाला होता, विम्याच्या कागदावर दोन्ही घरांची नावे कशी घालायची एवढाच प्रश्न उरला होता.