शेगडीचे बळी कोणाच्या खात्यावर?

दरवर्षी पौष लागला की उत्तरेकडील वृत्तपत्रांत एक बातमी ठरल्याप्रमाणे येते. गाव दिल्ली असेल, गुरुग्राम असेल, लुधियाना असेल, नाहीतर काश्मीरमधले एखादे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेले मजूर सकाळी मृतावस्थेत आढळले. बातमी चार ओळींची, आणि शेवटची ओळ पोलिसांची: मृतांचा निष्काळजीपणा. पंचनामा आटोपतो, प्रेते गावी जातात आणि कंत्राटदार दुसऱ्या दिवशी त्या जागेवर नवा माणूस उभा करतो.

या 'निष्काळजीपणा' शब्दाला आमचा आक्षेप आहे.

दगडी कोळशाची शेगडी कशी लावतात हे चंद्रपूर-वणीच्या खाणवसाहतींत वाढलेल्या वाचकाला सांगायला नको. ती अंगणात पेटवायची, काळा धूर निघून जाऊ द्यायचा, निखारे लाल झाले की आत घ्यायची. दिल्लीतला बांधकाम मजूरही हेच करतो. शेगडीच्या जागी सिमेंट कालवायचे फुटके घमेले असते एवढाच फरक. म्हणजे माणूस काळजी घेतो. धूर गेला, आता भय नाही, असे त्याला वाटते. आणि खरे भय तिथूनच सुरू होते. निखाऱ्यांवर जी निळी ज्योत हलताना दिसते, तो कार्बन मोनॉक्साइड वायू जळत असतो. निखाऱ्यांवर राख चढली, खोलीतली ताजी हवा संपत आली की ही ज्योत विझते आणि तोच वायू न जळता खोलीत साठत जातो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवते. आधी डोके दुखते, मळमळते, मग ग्लानी येते. बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला ही ग्लानी थकव्याचीच वाटणार! तो पांघरूण ओढतो आणि झोपतो.

तेव्हा ही माहिती प्रत्येक वस्तीत, प्रत्येक नाक्यावर पोचवली पाहिजे, यात वाद नाही. पण आमच्यातलेच काही साथी म्हणतात की जनजागृतीची शिबिरे घेतली म्हणजे प्रश्न सुटला. सरकारी पत्रकेही हेच सांगतात: खिडकी थोडी उघडी ठेवा. कोणती खिडकी? पत्र्याच्या खोलीत आठ-दहा माणसे दाटीवाटीने झोपतात, तिला एक दार असते आणि दाराखालच्या फटीत पोते कोंबलेले असते. जानेवारीत दिल्लीचा पारा तीन-चार अंशांवर येतो, तेव्हा ते पोते कोणी हौसेने कोंबत नाही.

कोळशाने घर तापवणे म्हणजे मरण, असेही नाही. काश्मीरमधल्या सरकारी कचेऱ्यांत बुखारी पेटत आली आहे. बुखारीला पत्र्याचे नळकांडे असते, ते भिंतीतून किंवा छतातून बाहेर काढलेले असते, वायू त्यातून जातो आणि साहेब उबेत बसून फायली पाहतात. नळकांडे नीट काढलेले हवे आणि साफ हवे, एवढेच पथ्य. घमेल्याला नळकांडे नसते. साहेबाची बुखारी आणि मजुराचे घमेले यांत अंतर अकलेचे नाही, पत्र्याच्या चार हात नळीचे आणि ती बसवण्याचा खर्च कोणी करायचा याचे आहे.

मग विजेचा हीटर का वापरत नाहीत, असे सुखवस्तू लोक विचारतात. हिशेब मांडू. एक हजार वॅटचा हीटर आठ तास चालला तर आठ युनिटे जळतात. घरमालक उपमीटर लावून आपल्या मर्जीच्या दराने वीज विकतो. युनिटला दहा रुपये धरले तरी रात्रीचे ऐंशी रुपये झाले, महिन्याचे चोवीसशे. कित्येक मालक तर हीटर लावूच देत नाहीत, वायरी जळतील म्हणून!

कायदा काय म्हणत होता तेही पाहा. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने कंत्राटदारावर दोन गोष्टी स्पष्ट शब्दांत टाकल्या होत्या: राहण्याची योग्य जागा आणि संरक्षक कपडे. त्याखालच्या १९८० च्या केंद्रीय नियमांत लिहिले होते की तापमान २० अंशांखाली जाते तिथे दोन वर्षांतून एकदा लोकरी कोट व लोकरी विजार द्यावी, आणि ५ अंशांखाली जात असेल तर वर ओव्हरकोटही. हा कोट मिळालेला मजूर आम्हाला अद्याप भेटायचा आहे. पण निदान मागायला कागद होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत विरघळला. पूर्वी पाच स्थलांतरित कामगार असले तरी कायदा लागू होई. आता दहा हवेत. रखवालदारांना एका खोलीत कोंबणारा छोटा कंत्राटदार सुटला. खाउजा धोरण म्हणतात ते हेच.

दिल्लीच्या प्रदूषण आराखड्यात रहिवासी संघटनांनी रखवालदारांना विजेचे हीटर द्यावेत असे सांगितले आहे. ठीक आहे. पण हेतू काय, तर शेकोट्या पेटून हवा बिघडू नये! हीटर न देता नुसती शेकोटी बंद केली तर काय होते? उघड्यावर शेकणारा माणूस खोकत का होईना, जगत होता. त्याची आग आता केबिनच्या आत जाते. इमारतीची हवा सुधारते आणि फाटकावरचा माणूस मरतो.

खाणकामगाराला घरगुती जळणासाठी मिळणारा कोळसा कोणा मालकाने दयेने दिलेला नव्हता. तो वेतनकराराच्या टेबलावर मांडून घेतलेला हक्क होता, आणि पुढे ठिकठिकाणी त्याच्या जागी गॅस आला तोही हक्क म्हणूनच. ऊब ही मजुरीच्या करारात बसणारी गोष्ट आहे हे आपल्या चळवळीने सिद्ध केलेले आहे. मग रखवालदाराच्या, वीटभट्टीवाल्याच्या, बांधकाम मजुराच्या मागणीपत्रात ती का नसावी? ज्या इमारतीचे राखण तो करतो तिच्याच मीटरवर त्याच्या केबिनचा हीटर चालला पाहिजे. मजूर ठेवलेल्या खोलीला झरोका हवा, कोळसा जाळायचाच असेल तर नळकांड्याची शेगडी हवी, आणि तिचा खर्च मुख्य मालकाने सोसला पाहिजे.

शाखांना एक व्यवहाराची सूचना. अशी घटना घडल्याचे कळताच पोलिसांचा पंचनामा होण्याची वाट न पाहता खोलीवर पोचा. लांबी-रुंदी मोजा, झरोका आहे का ते पाहा, किती माणसे झोपत होती, खोली कोणी दिली, भाडे पगारातून कापले जात होते का, मीटर कोणाच्या नावावर, शेवटची पाळी किती तासांची होती, हे शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी लिहून घ्या. नुकसानभरपाईचा दावा उभा राहतो तो याच कागदावर, आणि दुसऱ्या दिवशी त्या खोलीला कुलूप लागलेले असते.