शिशाचे शिपाई आणि पिठाचा कोंबडा



गेल्या दशलक्षणात मी घरातली एक वस्तू लपवली. नातवाचा खोका माळ्यावर, जुन्या घंगाळाच्या मागे नेऊन ठेवला. त्याने विचारलं तेव्हा "बघते हं, कुठे गेला" असं म्हणाले. उत्तम सत्याच्या दिवशी मंदिरातून घरी आले आणि ते काही पचेना. संध्याकाळी त्याला बोलावून सांगितलं, "खोका मीच ठेवलाय." तो चिडला नाही. "आज्जी, आधी विचारायचंस तरी, त्यात काय आहे ते," एवढंच म्हणाला.

त्यात शिपाई होते. बोटाच्या पेराएवढे, धातूचे, अर्धे रंगवलेले. बंगळूरच्या मामाने त्याला हा नाद लावला. टेबलावर नकाशासारखी जमीन मांडायची, इतिहासात खरोखर झालेली एखादी लढाई घ्यायची, दोन्ही बाजूंच्या फौजा त्या दिवशी होत्या तशा उभ्या करायच्या आणि फूटपट्टीने अंतर मोजत, फासे टाकत ती पुन्हा खेळायची. परदेशात हा छंद जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशा, ठोकळे आणि फासे यांचा असा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी आणला. घरातल्या जमिनीवर तो आणला एच. जी. वेल्स यांनी. १९१३ साली त्यांनी 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं. खेळण्यातल्या तोफेने लाकडी गोळी मारून शिपाई पाडायचे, असा त्यांचा खेळ. (बारा ते दीडशे वर्षांच्या मुलांसाठी, आणि मुलांचे खेळ आवडणाऱ्या हुशार मुलींसाठी, असं त्यांनी मुखपृष्ठावरच लिहिलं होतं. म्हणजे माझाही नंबर लागतो.)

माझा विरोध कुठून आला हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या घरात प्राण्यांच्या आकाराची बिस्किटं येत नाहीत. साखरेचे हत्ती-घोडे कोणी आणून दिले तर आपण मुलांच्या हातात देत नाही. माझ्या सासूबाई भाजी 'काप' म्हणू द्यायच्या नाहीत, 'चिर' म्हणायला लावायच्या. हे सगळं ज्या कथेतून येतं ती आपण लहानपणापासून ऐकतो. वाईट स्वप्न टळावं म्हणून यशोधर राजाने आईच्या, चंद्रमतीच्या, आग्रहाखातर देवीपुढे कोंबडा बळी दिला. जिवंत नव्हे, पिठाचा. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी त्या संकल्पापायी माय-लेकाला किती जन्म पशुयोनीत फिरावं लागलं! सोमदेवसूरींनी ९५९ साली 'यशस्तिलक' लिहिलं ते याच कथेवर. जन्न कवीने कन्नडमध्ये लिहिलं तेही याच कथेवर. मग शिशाचा शिपाई आणि पिठाचा कोंबडा यांत फरक काय?

हा प्रश्न मी पाठशाळेतल्या ताईंना विचारला. त्या म्हणाल्या, "काही फरक नाही. शिवाय फासे आहेत, म्हणजे द्यूत. सात व्यसनांतलं पहिलं." द्यूताचं मला पटलं नाही. पैसा लावलेला नाही, पण नाही, हरणाऱ्याचं काही जात नाही. फासा हातात घेतला की द्यूत झालं असं म्हटलं तर सापशिडीही बंद करावी लागेल, आणि ती तर आपल्याच लोकांनी धर्म शिकवायला वापरलेली आहे. जैनांच्या ज्ञानबाजीचे ८४ घरांचे जुने पट आहेत, त्यांत साप खाली कुठे नेतो आणि शिडी वर कुठे, हे सगळं कर्माच्या हिशेबाने. पण कोंबड्याचं मात्र मला उत्तर देता येईना.

नातवाला मी ते तसंच्या तसं विचारलं. तो म्हणाला, "एकदा बसून खेळ, मग सांग." बसल्याशिवाय बोलायचं नाही हे मला पटलं. भिशीत न जाता भिशीला नावं ठेवणाऱ्या बायका मला आवडत नाहीत.

पर्व संपल्यावर एका रविवारी बसलो. लढाई त्याने निवडली ती आपल्याच राज्यातली, जालना जिल्ह्यातल्या असई गावची. २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध लढला आणि म्हातारपणीही आपली सगळ्यात चांगली लढाई म्हणून असईचंच नाव घ्यायचा. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात हे गाव. माझ्या निळ्या ब्लाऊजपीसच्या दोन पट्ट्या कापून (चिरून म्हणू का?) नद्या केल्या. भुसा हिरवा रंगवून गवत.

वेलस्लीला केळणा ओलांडायची होती. वाटाडे म्हणाले, उतार नाही. त्याला नदीच्या अल्याड-पल्याड समोरासमोर दोन गावं दिसली आणि तो म्हणाला, उतार असणारच. आणि होता. नातू हे मोठ्या कौतुकाने सांगत होता. मी म्हटलं, "यात कसलं रे शौर्य? समोरासमोर दोन गावं म्हणजे या गावच्या मुली त्या गावात दिलेल्या असणार. कुठल्याही बाईने सांगितलं असतं." तो हसला, पण त्याने ते वहीत लिहून घेतलं.

मी शिंद्यांची बाजू घेतली. शिंद्यांकडे कवायती पलटणी होत्या, पोलमन नावाचा जर्मन त्यांचा सरदार होता, आणि तोफा शंभराच्या आसपास. खेळात प्रत्येकाची एक पाळी. आपली माणसं हलवायची, मग तोफा-बंदुकांचा फासा, आणि मग धीराचा फासा. हा शेवटचा मला फार आवडला. पलटणीतली बरीच माणसं उरलेली असतात, तरी धीर सुटला की ती मागे वळते. खेळ पुष्कळदा मारण्याने संपत नाही, पळण्याने संपतो.

आता खरी गोष्ट. दुपारी चारच्या सुमारास त्याची एक पलटण, ७४वी, चुकून गावाच्या फार जवळ आली. प्रत्यक्षातही ती तशीच आली होती आणि तिथे तिचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. माझ्या तोफा समोरच. मी फासे टाकले. तीन सहा पडले. मी टाळी वाजवली! साठीच्या पुढची बाई, रोज सामायिक करणारी, खुर्चीतून अर्धी उठून टाळी.

नातवाने तीन शिपाई उचलून बाजूला ठेवले आणि म्हणाला, "आज्जी, साठ गेले."

या खेळात एक शिपाई म्हणजे वीस माणसं धरतात, कारण सगळी फौज टेबलावर मावत नाही. हे मला खेळ सुरू होतानाच सांगितलं होतं. टाळी वाजवताना ते माझ्या डोक्यात नव्हतं. त्याच्या होतं.

मैत्रिणींनो, भावहिंसा कशी असते हे मी स्वाध्यायात कितीदा ऐकलंय, कितीदा दुसऱ्यांना समजावलंय. त्या दिवशी ती माझ्या दोन तळहातांत होती. खोका मी नातवाच्या काळजीने लपवला होता. रात्री प्रतिक्रमणात आठवली ती माझी टाळी.

म्हणून माझं मत असं झालंय की पिठाचा कोंबडा आणि शिशाचा शिपाई एक नाहीत, पण ते एक होऊ शकतात. यशोधराने कोंबडा पिठाचा केला, पण फळ मात्र जिवंत कोंबड्याचं मागितलं. देवीने याला खरा समजावं, ही त्यातली इच्छा. संकल्प तिथे आहे. खेळणाऱ्या मुलाच्या मनात तशी इच्छा नसते. कोणी मरावं म्हणून तो फासा टाकत नाही, त्या दिवशी काय झालं आणि काय होऊ शकलं असतं हे बघायला टाकतो. ज्या क्षणी समोरची माणसं नुसते मोहरे होतात आणि पडल्याचा आनंद होतो, त्या क्षणी तो पिठाचा कोंबडा होतो. त्यामुळे खेळ द्यावा की नाही, यापेक्षा खेळताना मन कुठे आहे हे बघणारं कोणी टेबलाशी बसलंय का, हा प्रश्न मला मोठा वाटतो. मोबाईलवर एकट्याने बंदुका चालवणारी मुलं आपल्या घराघरांत आहेत. तिथे कोणी "साठ गेले" म्हणत नाही.

आणि युद्धाचा विषयच आपल्याला वर्ज्य, असंही नाही. आपण संकल्पी आणि विरोधी हिंसा वेगळी मानतो. श्रवणबेळगोळला ज्या बाहुबलींपुढे आपण डोकं टेकवतो, ती मूर्ती घडवून घेणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. भरत-बाहुबलींच्या फौजा समोरासमोर आल्या तेव्हा मंत्र्यांनीच म्हटलं, सैन्य कशाला मारता, दोघेच लढा. मग दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध झालं. ताईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ते युद्ध टाळायला होतं, हे खेळायला आहे." हे त्यांचं बरोबर आहे, आणि याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. वेल्स यांनी मात्र जवळजवळ उलट बाजूने तेच म्हटलंय: टेबलावरची लढाई तीन-चारदा खेळून बघा, खरं युद्ध किती आंधळं आणि चुकांनी भरलेलं असतं ते कळेल. पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. कोणी ऐकलं नाही, हे उघड आहे.

ज्यांच्या घरी हे खूळ आलंय किंवा येईल त्यांच्यासाठी थोडं घरचं. धातूचे शिपाई सुरुवातीला लागतच नाहीत. पुठ्ठ्याचे तुकडे आणि शिवणाच्या डब्यातली बटणं पुरतात, आमचा दुसरा डाव तसाच झाला. जुन्या शिपायांत शिसं असतं, म्हणून जेवणाच्या टेबलावर नको, आणि खेळून झालं की हात साबणाने. ब्रशच्या पाण्याला वेगळा पेला, चहाचा नाही. डाव चार-पाच तास चालतो, तेव्हा दुपारी एकलाच बसवा, नाहीतर सूर्यास्ताच्या आत जेवण होत नाही आणि मग सूनबाई आपल्याकडेच बघते. दशलक्षणाचे दहा दिवस खोका बंद. आता तो स्वतः बंद करतो.

एका गोष्टीवर मी अडून बसले. बारीक रंगकामाला जो ब्रश सगळ्यात चांगला म्हणतात, तो कोलिन्स्की, मुंगसासारख्या एका प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा असतो. मामाने तसे दोन दिले होते. आपल्या मुनींची पिच्छीसुद्धा मोराने आपणहून टाकलेल्या पिसांची, आणि इथे डोळ्याची बाहुली रंगवायला एका जीवाची शेपटी! मी महिनाभर शिशाच्या शिपायांवर वाद घालत होते, आणि खऱ्या जीवाची हिंसा त्याच खोक्यात ब्रशच्या दांड्याला बांधलेली होती. नायलॉनचे मागवले. टोक लवकर वाकतं म्हणतो, पण चालवतो.

आणखी एक माझ्याकडून. मी कॉमर्सची, मला हिशेबाशिवाय चैन पडत नाही. 'साठ गेले' त्या दिवसापासून एक वही घातली आहे. डाव संपला की बाजूला ठेवलेले शिपाई मोजायचे, वीसने गुणायचे, दोन्ही बाजूंचं लिहायचं, आणि शेजारच्या रकान्यात इतिहासातला खरा आकडा. असईच्या आमच्या डावात इंग्रजांकडचे ५२ शिपाई उचलले गेले, म्हणजे १,०४० माणसं. प्रत्यक्षात मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांच्या वर होते, त्यांत कितीतरी मद्रासकडचे आपलेच शिपाई. ती यादी पलटणीवार आहे, अधिकाऱ्यांची तर नावंही आहेत. शिंद्यांकडचे आमचे ७१ उचलले गेले, म्हणजे १,४२०. त्याच्या शेजारी काय लिहायचं म्हणून नातवाने दोन पुस्तकं उलटीपालटी केली. सगळीकडे अंदाजच, आणि तोही इंग्रजांनी केलेला. मोजून ठेवणारं त्या संध्याकाळी त्या बाजूला कोणी उरलं नव्हतं. एवढ्या तोफा हाती लागल्या हे मोजलेलं आहे, माणसं नाहीत.

तो रकाना मी पेन्सिलीने भरला आहे. असईला जाऊन यायचं ठरतंय, दिवाळीच्या सुट्टीत, नदीला पाणी कमी असेल तेव्हा. उतार कुठे होता ते मला बघायचंय.